गाडीला जॅक नेमका कुठे लावायचा? (दाराखालची कड दुमडून घेतलेल्याचा प्रश्न)

मानेवाडाकर | १८ मे, सकाळी ११:१०

राम राम मंडळी.

परवा सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, घरासमोर चाकं अदलाबदल करायला बसलो. पुढची मागे, मागची पुढे. गाडी २०१७ ची स्विफ्ट. पंक्चरवाल्याकडे नेहमी गर्दी, आणि साळ्याने नवा ट्रॉली जॅक (लोखंडी चाकांवर सरकणारा, दांडा मारून चढणारा) घेतलाय तो आठवडाभर माझ्याच पोर्चमध्ये पडून होता. म्हटलं, आपणच करून बघू.

डाव्या बाजूला पुढच्या चाकामागे दाराखाली जॅक सरकवला. वाकून पाहिलं तर पत्र्याची एक उभी कड दिसली. हीच जागा असणार असं धरलं आणि दांडा मारायला सुरुवात केली. सात-आठ वेळा मारल्यावर जाड पुठ्ठा मुडपावा तसा कर्रर्र आवाज आला. खाली पाहतो तर ती उभी कड जॅकच्या वाटीत आडवी झोपलेली, चांगली चार बोटं लांब. रंगाचे टवके उडाले. चाक तसंच ठेवून गाडी खाली घेतली. दार नीट लागतं, बाकी काही दिसत नाही. पण मनातून काही जात नाही.

हे किती गंभीर आहे? आणि मुळात जॅकची जागा ओळखायची कशी? ती कड तर या चाकापासून त्या चाकापर्यंत सारखीच दिसते.

ता. क.: साळ्याला अजून सांगितलेलं नाही.

---

संत्राबर्फी | सकाळी ११:२४

साळा या साइटवर नाही ना?

---

पाना_दहाचा | दुपारी १२:०५

मानेवाडाकर, घाबरू नका. तुमच्यासारख्या कडा शहरातल्या अर्ध्या गाड्यांना असतील, मालकांनी वाकून पाहिलेलं नाही इतकंच. उद्या सकाळी शेजाऱ्याच्या गाडीखाली डोकावून बघा.

आता कड काय आहे ते समजून घ्या, म्हणजे जागेचं कोडं आपोआप सुटेल. तुमच्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून बॉडीच चासीचं काम करते. दार उघडल्यावर ज्या उंबरठ्यावरून पाय आत टाकतो, ती त्यातली एक लांब पेटी. तिचा बाहेरचा आणि आतला पत्रा खाली जिथे भेटतात तिथे दोघांच्या कडा एकमेकींवर दाबून ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड केलेल्या असतात. म्हणजे ती कड ही शिवण आहे, सदऱ्याची असते तशी. शिवण सगळीकडे सारखी दिसते, पण आतून जाड पत्र्याचा आधार ठरावीक ठिकाणीच दिलेला असतो. पुढच्या चाकाच्या किंचित मागे आणि मागच्या चाकाच्या किंचित पुढे. दोन डावीकडे, दोन उजवीकडे.

खूण अशी: त्या ठिकाणी कडेला दोन छोट्या खाचा कापलेल्या असतात. दोन खाचांच्या मधली तळहाताएवढी जागा ती जॅकची. काही गाड्यांत खाचांऐवजी उंबरठ्याच्या प्लॅस्टिकवर बाण किंवा त्रिकोण कोरलेला असतो. गाडीच्या पुस्तकात चाक बदलण्याच्या पानावर चित्र असतंच. ते पुस्तक आपण गाडी विकताना पहिल्यांदा उघडतो, हा भाग वेगळा.

खाच डोळ्यांनी शोधू नका, बोटांनी शोधा. चिखल बसलेला असतो, जुन्या टूथब्रशने तो काढा आणि चाकापासून सुरू करून कडेवरून बोट फिरवत जा. एकदा घरी उजेडात चारही जागा सापडल्या की कडेच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. रात्री, पावसात, मोबाइलच्या बॅटरीत शोधायची वेळ येते तेव्हा तो ठिपका देव वाटतो.

आणि तुमची कड दुमडली त्याला जागा थोडी चुकली हे एक कारण, पण खरं कारण वाटी आहे. गाडीसोबत जो कैचीचा जॅक येतो त्याच्या माथ्यावर फट असते. कड त्या फटीत शिरते, दोन्ही बाजूंनी धरली जाते. ट्रॉली जॅकची वाटी सपाट, कडेला दाते. पोस्टकार्ड उभं धरून वर बोट दाबा, ते लगेच वाकतं. तेच दोन पुस्तकांच्या मध्ये धरून दाबा. ट्रॉली जॅक वापरायचा तर वाटीवर खाच पाडलेला रबरी ठोकळा हवाच, अगदी बरोबर जागी लावला तरी.

---

अर्धाशहाणा | दुपारी १२:३१

फोटोशिवाय धागा म्हणजे तर्रीशिवाय पोहे.

---

मानेवाडाकर | दुपारी १२:५०

फोटो काढायला आत्ता बाहेर गेलो तर मीच वितळेन. संध्याकाळी टाकतो.

पाना, बोटाने तपासलं. खाचा सापडल्या! माझा जॅक त्यांच्यापासून वीतभर मागे होता, म्हणजे दाराच्या मधल्या बाजूला.

---

वायफळ_वर्धेकर | दुपारी १:१५

भाऊ, वरची जागा तं सापडली, खालची कोण पाह्यते?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. जामठ्याच्या पुढं वर्धा रोडले गाडी पंक्चर झाली. पाणी नुकतंच थांबलं होतं. ट्रकवाले जाऊन राहिले होते म्हणून गाडी डांबरावरून पार खाली घेतली. जॅक बराबर खाचात लावला, स्वतः चाचपून. मग दांडा फिरवून राहिलो, फिरवून राहिलो, गाडी काही वर येऊन नाही राहिली. बायको म्हणते, अहो, जॅक खाली चालला! पाहतो तं खरंच, जॅकचा तळ काळ्या मातीत बुडून राहिला होता. आपली माती तं माहीत आहे तुम्हाले, उन्हाळ्यात फुटते एवढी की हात जाते भेगीत, अन् पाणी पडलं की लोणी.

मंग मी शहाणपणा केला. डिक्कीत संत्र्याची पेटी होती, तिची फळी काढून खाली टाकली. ते पेटीचं लाकूड किती पातळ! कट्कन मोडलं, जॅक एका बाजूनं कलला, अन् गाडी हातभर पुढं आल्यासारखी झाली. मी मागं उडी मारली म्हणून हे लिहून राहिलो. शेवटी ढाब्यावरून एक माणूस जाड पाट घेऊन आला, बसायचा. त्याच्यावर काम झालं. पाट परत देताना चार तुकडे होते का दोन ते विचारू नका.

तेव्हापासून डिक्कीत फूटभर लांब-रुंद जाड प्लायचा तुकडा राह्यते. कायमचा.

---

इतवारीचा_इसम | दुपारी १:४०

वर्धेकरांशी हजार टक्के सहमत. आणि हे फक्त पावसाळ्याचं नाही. मे महिन्यात पारा ४५ ला असताना दुपारी डांबर मऊ होतं, स्कूटरचा साइड स्टँड रुतून गाडी आडवी झालेली सगळ्यांनी पाहिली असेल. कैचीच्या जॅकचा तळ जेमतेम हाताच्या पंजाएवढा. मऊ डांबरात त्याची एक बाजू जास्त रुतली की माथा तिरका झालाच.

सिमेंटच्या रस्त्यावर ही भानगड नाही. पण तिथे आपण गाडी कुठे घेतो? कडेच्या टाइल्सवर. त्या टाइल्स खाली वाळू सरकून हलत्या झालेल्या असतात. मानेवाडाकर, तुमच्या घरासमोर काय आहे?

---

मानेवाडाकर | दुपारी १:५२

टाइल्सच. आणि रस्ता नवीन सिमेंटचा झाल्यापासून आमचं फाटक खड्ड्यात गेलंय, त्यामुळे पोर्चकडे उतार. म्हणजे मी उतारावर, हलत्या टाइल्सवर, बिनखाचेच्या वाटीने, चुकीच्या जागी गाडी उचलत होतो. कड दुमडण्यावर निभावलं म्हणायचं.

---

पाना_दहाचा | दुपारी २:३५

निभावलंच. यात अजून एक गोष्ट मिळवा, ती कोणी सांगत नाही.

ट्रॉली जॅकची भुजा वर जाताना सरळ उभी जात नाही, कमानीत जाते. म्हणजे वाटी वर जाता जाता आडवीही सरकते. एकतर जॅकने आपल्या लोखंडी चाकांवर गाडीखाली सरकायला हवं, नाहीतर गाडीने सरकायला हवं. गुळगुळीत कोब्यावर जॅक निमूट सरकतो. टाइल्सच्या फटीत त्याचं चाक अडकलं तर जॅक जागचा हलत नाही आणि वाटीच गाडीखाली घसटत जाते. तुमच्या कडेची आडवी झोप तिथूनही आली असेल. म्हणून ट्रॉली जॅक मातीवर, गिट्टीवर, टाइल्सवर नको. फारच गरज असेल तर अख्खा जॅक मावेल अशी जाड फळी खाली टाका, आणि प्रत्येक चार-पाच दांड्यांनंतर थांबून वाटी कुठे आहे ते पाहा. एकदम वीस दांडे मारायचे नाहीत.

---

अर्धाशहाणा | दुपारी ३:०२

एक शंका. उताराचं म्हणाल तर, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली की झालं ना? हँडब्रेक कशाला हवा? माझा हँडब्रेक तसाही नावालाच आहे.

---

पाना_दहाचा | दुपारी ३:४८

आधी हँडब्रेक दुरुस्त करा. मग हे वाचा.

आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. गिअर टाकला की पुढची चाकं अडतात, बरोबर. पण दोन पुढच्या चाकांमध्ये डिफरन्शियल आहे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरांची जोडणी. तुम्ही पुढचं एक चाक हवेत उचललंत की ते मोकळं झालं. आता जमिनीवरचं दुसरं चाक पुढे फिरू लागलं तर हवेतलं उलटं फिरतं, आणि गिअरबॉक्सला काही कळतही नाही. म्हणजे पुढचं चाक उचलल्यावर गिअरचा काही भरवसा नाही. ऑटोमॅटिक गाडीत 'पी' मध्ये टाकून निर्धास्त बसणाऱ्यांनाही हेच लागू.

मागचं चाक उचललं तर उलटा प्रकार. हँडब्रेक ज्या दोन चाकांना धरतो त्यातलं एक हवेत, एकच जमिनीवर. तिथे गिअर कामाला येतो.

म्हणून दोन्ही लावायचे, आणि जे चाक उचलतो त्याच्या तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून दगड नाहीतर वीट. उताराच्या बाजूची वीट आधी. गाडीत कोणी बसलेलं नको. आजी असेल तर तिलाही उतरवून सावलीत बसवा. आणि नट जॅक लावायच्या आधीच, चाक जमिनीवर असताना, अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे. हवेतल्या चाकाच्या घट्ट नटावर पाय देऊन उभे राहणारे लोक मी पाहिलेत. तो झटका थेट जॅकच्या माथ्यावर जातो.

---

सावनेरवाला | संध्याकाळी ५:२०

तुमचं कड-बिड शहरी लोकांचं. आमच्या बोलेरोले कडच नाही. खाली शिडीसारखी चासी, दोन लांब लोखंडी पट्ट्या आन् मधात आडव्या. पुढं चासीले लावायचा, मागं एक्सलच्या नळीले, कमानीपाट्याच्या जवळ. बाटलीचा जॅक. एक्सलले लावला की फायदा असा का चाक लटकत नाही, दोन इंच उचललं की निघालं.

मी तं जावयाच्या छोट्या गाडीलेही मागं आडवा दांडा आहे त्यालेच लावतो. वीस वर्षं झाली, काही झालं नाही.

---

पाना_दहाचा | संध्याकाळी ५:४४

बोलेरोचं सगळं मान्य. फक्त एक्सलच्या मधल्या गोळ्याला लावू नका. गाडी एका बिंदूवर डुलते.

जावयाच्या गाडीचं मात्र मान्य नाही. छोट्या गाड्यांत मागे जो आडवा दांडा दिसतो तो एक्सल नव्हेच. एक चाक खड्ड्यात गेलं की थोडा पिळला जावा म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो, आतून उघडा, वळवलेल्या पत्र्याचा. पिळायला बनवलेली वस्तू मधोमध वजन झेलायला वापरायची नाही. वाकला तर मागची चाकं सरळ राहत नाहीत, टायर एका बाजूने खाल्ले जातात, आणि पुढचं अलाइनमेंट कितीही करा, गाडी ओढत राहते. काही कंपन्या गॅरेजवाल्यांना त्याच्यावर ठरावीक ठिकाणी आधार द्यायची मुभा देतात, काही साफ मनाई करतात. पुस्तकात स्पष्ट 'हो' लिहिलेलं नसेल तर मी लावणार नाही.

---

सावनेरवाला | संध्याकाळी ५:५१

वीस वर्षं म्हणजे कमी आहेत का?

---

अर्धाशहाणा | संध्याकाळी ५:५८

गाडी जावयाची आहे म्हणून एवढी हिंमत.

---

संत्राबर्फी | संध्याकाळी ६:३०

माझी गाडी इलेक्ट्रिक. त्यात कड-दांडा या वादाच्याही पुढची गंमत आहे. दोन्ही उंबरठ्यांच्या मध्ये पसरलेली, खालून सपाट दिसणारी पेटी म्हणजे बॅटरी. बाहेरून साधी काळी पत्र्याची तबकडी वाटते, म्हणून कोणालाही मोह होतो.

मार्चमध्ये टायरच्या दुकानात गेले. पोरगा चटपटीत होता, मी पर्स उचलून खाली उतरेपर्यंत त्याचा जॅक गाडीखाली. वाकून पाहिलं तर उंबरठ्याच्या चांगला वीतभर आत, थेट बॅटरीच्या खाली. मी ओरडलेच. तो म्हणतो, "मॅडम, आत घेतला की पक्का बसतो, बाहेर घसरतो." त्याच्या दृष्टीने खरंच होतं ते, रोज पन्नास गाड्या उचलणाऱ्याला सपाट जागा सोयीची. मी म्हटलं, "दादा, तिथे बॅटरी आहे. ती पिचकली तर तुमचं दुकान विकूनही भरपाई व्हायची नाही." मग त्याने मालकाला बोलावलं, मालकाने मला चहा पाजला आणि जॅक बाहेर घेतला.

आता मी काय करते, उंबरठ्याच्या प्लॅस्टिकवर जिथे कंपनीचा बाण आहे त्याच्या वर रिफ्लेक्टरचा छोटा लाल तुकडा चिकटवलाय, चारही ठिकाणी. आणि खाचेचं रबर माझं मी सोबत ठेवते. कोणाशी वाद घालावा लागत नाही. रबर हातात दिलं की पोरगा स्वतःच विचारतो, हे कुठे लावायचं.

एक लक्षात घ्या, अशा गाड्या त्याच मापाच्या पेट्रोल गाडीपेक्षा शे-दोनशे किलोने सहज जास्त भरतात. जुना छोट्या गाडीतला जॅक यांच्यात टाकून ठेवू नका. जॅकवर किती वजनाचा ते छापलेलं असतं. आणि स्टेपनी आहे की नाही तेही आधी बघून घ्या. ऑक्टोबर २०२० पासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट दिलं असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना आहे. माझ्या गाडीत किट आहे, जॅकच नाही! रबर तेवढं आहे.

---

फुटाळ्याच्या_पलीकडे | रात्री ८:१०

खाच बरोबर, जमीन बरोबर, जॅक बरोबर, तरी जॅक आत घुसला अशीही एक केस सांगतो.

नागपुरात २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र कोणी विसरलं नसेल. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, आणि सकाळी गाड्या एकमेकींवर चढलेल्या. त्यातल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून पुढे विकल्या गेल्या. माझ्या मित्राने वर्षभराने एक सेकंडहँड घेतली, स्वस्तात. आतून सेंटचा वास, सीट कव्हर नवे कोरे. पहिल्याच पंक्चरला मी सोबत होतो. जॅक खाचांच्या मध्ये नीट लावला, गाडी दोन इंच उठली, आणि मग जॅक चढत राहिला पण गाडी थांबली. उंबरठ्याचा पत्रा पापडासारखा आत गेला.

डेंटिंगवाल्याने उंबरठा कापला तर आतून ओंजळभर गाळ निघाला. त्या पेटीला खाली पाणी निथळायला बारीक छिद्रं असतात. गाळाने ती बुजली, ओल आतच राहिली, आणि पत्रा आतून बाहेर गंजत आला. बाहेरून रंगाला फुगे आलेले होते, आम्ही म्हटलं उन्हाने आले असतील. कोकणातून किंवा मुंबईहून आणलेल्या जुन्या गाड्यांतही खाऱ्या हवेने हेच होतं.

सेकंडहँड घेताना इंजिन ऐकणारे सगळेच असतात. खाली बसून या चार जागांवर अंगठा दाबा, पान्याच्या मुठीने हलके ठोका. कोरा टणक आवाज यायला हवा. भद्द आवाज आला किंवा पत्रा दबला तर चहा पिऊन निघा.

---

मानेवाडाकर | रात्री ९:०५

आता लगेच जाऊन ठोकून आलो. टणक आहे. शेजारचे काका फाटकातून बघत होते, काही बोलले नाहीत.

पाना, एक अडकलंय. सगळीकडे लिहितात की नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, उचललेल्या गाडीला खालून आधार द्यायला स्टँड लावा. कबूल. पण जॅक त्या तळहाताएवढ्या जागेवर बसला तर स्टँड कुठे लावायचा? जागा एकच आहे!

---

पाना_दहाचा | रात्री ९:५५

हा प्रश्न विचारलात म्हणजे तुम्ही खरंच गाडीखाली वाकून बघताय. गॅरेजमध्येही हा घोळ रोज होतो.

जॅक आणि स्टँडला (आमच्याकडे मिस्त्री घोडी म्हणतात) दोन वेगळ्या जागा लागतात. गाडी पुढून उचलायची तर बऱ्याच गाड्यांना इंजिनाखाली जी आडवी जाड तुळई असते, जिच्यावर पुढचं सस्पेन्शन बसवलेलं असतं, तिच्या मध्यावर ट्रॉली जॅक चालतो. कुठे, ते पुस्तकात किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहून. तिथून दोन्ही पुढची चाकं एकदम उठतात आणि उंबरठ्याच्या दोन्ही खाचा घोड्यांसाठी मोकळ्या राहतात. फक्त त्या तुळईच्या आसपास काय काय आहे ते पाहा: मागे-पुढे चार बोटं चुकलं तर ऑइलचं चेंबर, गिअरबॉक्सचं आवरण, सायलेन्सरचा पाइप, रेडिएटरची खालची पट्टी. यातल्या एकालाही गाडीचं वजन पेलत नाही. चेंबरचा पत्रा किंवा ॲल्युमिनियम तर बोटाच्या जाडीचंही नसतं.

हे नको असेल तर सोपा मार्ग: तळहाताची जागा दोघांत वाटायची. रबरी ठोकळा अरुंद घ्या, जॅक एका खाचेकडे सरकवून लावा, घोडी दुसऱ्या खाचेकडे. जेमतेम मावतं, पण मावतं. घोडीच्या माथ्यालाही खाचेचं रबर हवं, नाहीतर जी कड जॅकपासून वाचवली ती घोडीवर दुमडेल. घोडी लावल्यावर जॅक हळू खाली घेऊन वजन तिच्यावर येऊ द्या, मग गाडीला बाहेरून हाताने दोन-तीन चांगले धक्के मारा. पडायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे.

तुमचं काम फक्त चाक बदलायचं असेल तर घोडीशिवायही लोक करतात. तेव्हा निदान काढलेलं चाक किंवा स्टेपनी उंबरठ्याखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक निसटला तर गाडी चाकावर बसेल, हातावर नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील जुनं झालं की तेल हळूहळू मागे सरतं आणि गाडी तुमच्या नकळत उतरत येते. कैचीचा जॅक स्क्रूवर असतो, तो उतरत नाही पण कलंडतो. दोघांवर विश्वास सारखाच, म्हणजे नाही.

ठोकळ्याचं: बाजारात खाचेची रबरं मिळतात. नाही मिळालं तर लकडगंजला जा, कुठल्याही आरागिरणीवर सागाचा किंवा बाभळीचा तुकडा मिळेल. खाच रेषेच्या आडवी पाडायला सांगा. लाकडाच्या रेषेबरोबर पाडलीत तर कड पाचरीसारखी शिरून ठोकळा उभा चिरेल. आणि खाच कडेच्या उंचीपेक्षा थोडी खोल हवी, म्हणजे वजन कडेच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर पसरतं. उंबरठ्याला प्लॅस्टिकचं आवरण असेल तर ठोकळा त्याला टेकत नाही ना, तेवढं पाहा.

---

वायफळ_वर्धेकर | रात्री १०:१२

रस्त्यावर असलं तं एवढं पुराण करत बसू नका राजेहो. उजवं चाक ट्राफिककडे असलं, रात्र असली, वरून पाऊस, तं कोणती खाच अन् कोणता ठोकळा? हळूहळू गाडी रिमवर लोटत पुढं सुरक्षित जागी न्या. टायर गेलं तं जाऊ द्या. राष्ट्रीय महामार्ग असला तं १०३३ ले फोन लावा, त्रिकोण मागं दूर ठेवा अन् रेलिंगच्या पलीकडं जाऊन उभे राहा.

---

इतवारीचा_इसम | रात्री १०:२०

हे बरोबर. समृद्धीवर १२० ने येणाऱ्याला तुमचा पांढरा ठिपका दिसणार नाही.

---

मानेवाडाकर | २४ मे, सकाळी ८:४०

आठवड्याचा हिशोब.

दुमडलेली कड सरळ केली. पकडीच्या दोन्ही जबड्यांना जुना कापड गुंडाळला, टोकाकडून थोडी-थोडी करत उभी आणली. एकदम ओढली असती तर वेल्ड सुटला असता असं डेंटिंगवाला म्हणाला. पूर्ण सरळ नाही झाली, जराशी नागमोडी आहे. उघडा पडलेला पत्रा घासून प्रायमर, त्यावर काळा रंग. त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त हसला.

लकडगंजहून सागाचा ठोकळा आणला. पहिल्यांदा खाच रेषेबरोबरच पाडून दिली त्याने. धागा दाखवला, मग दुसरा करून दिला. काल सकाळी पोर्चच्या आत, कोब्यावर, फाटक बंद करून बसलो. तिरप्या चाकाला दोन विटा, हँडब्रेक, पहिला गिअर. नट आधी सैल. ठोकळा खाचांच्या मध्ये. चार दांडे, थांबून पाहणे, चार दांडे, थांबून पाहणे. जॅक खरंच कोब्यावर सरकतो हो, बोटभर तरी! आधी माहीत नसतं तर घाबरून सोडला असता. कड जशीच्या तशी.

स्टेपनी फिरवत-फिरवत डाव्या बाजूची दोन्ही चाकं झाली, पुढचं मागे, मागचं पुढे. तोवर साडेआठ वाजले आणि पोर्चमध्ये ऊन आलं. पान्याला हात लावता येईना.

साळा संध्याकाळी जॅक न्यायला आला. ठोकळा बघून म्हणाला, हे काय? म्हटलं, तुझ्या जॅकसोबत यायला हवं होतं ते. तो ठोकळाही घेऊन गेला.

उजवीकडची दोन बाकी आहेत. पुढच्या रविवारी परत लकडगंज.